पलीकडच्यांचा कोच

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. दुधाचा कॅन उघडला की मी आधी वास घेते, मग तारीख बघते, आणि तारीख बरोबर निघाली तरी दुकानदाराने स्टिकर बदलला असेल ही शंका मनात ठेवूनच चहा करते. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात जायची ती चुकून अकाउंट्समध्ये गेलीस. त्यामुळे पलीकडच्यांचा कोच नोकरी सोडून गेला आणि ते नवा शोधायला लागले, तेव्हा सगळ्यांत आधी पाल चुकचुकली ती माझ्याच मनात.

पलीकडचे म्हणजे पलीकडचं कॉलेज. माझी मुलगी दुबईत ज्या कॉलेजात शिकते त्याच्या समोर एक राउंडअबाउट आहे आणि त्याच्या पलीकडे दुसरं कॉलेज. दोन्हीकडे मुलींची बास्केटबॉल टीम. लीग एवढीशी, पण आम्हा आईबापांचं वैर मोठं. जिंकलो तर अल्लाची मेहेरबानी, हरलो तर रेफरी त्यांचा. मॅचला आम्ही पायऱ्यांच्या डाव्या बाजूला बसतो, ते उजव्या बाजूला. मधला एक पट्टा रिकामा राहतो. तिथे कुणी पर्ससुद्धा ठेवत नाही.

मुलगी शेवटच्या वर्षाला होती. आदल्या सीझनला ती गुडघ्यावर पडली आणि उरलेल्या मॅचेस तिने बेंचवर बसून बघितल्या. यांनी तेव्हाच सांगून टाकलं, आता पुरे. "गुडघा आयुष्यभर लागतो गो, बॉल नाही लागत." मी भांडले. साधंसुधं नाही, भांडी आपटून भांडले. ही मुलगी शाळेत असताना वर्गात हात वर करायची नाही. टीचर मला बोलावून विचारायच्या, घरी तरी बोलते ना? ती कोर्टवर गेली आणि ओरडायला शिकली. चार जणींना नावानं हाका मारून इकडे हो, तिकडे हो म्हणणारी माझी मुलगी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला खरंच वाटेना की ही माझीच आहे. ती ओरडणारी मुलगी मला परत हवी होती. म्हणून मी यांना शब्द दिला की ह्या वर्षी ती खेळेल आणि तुम्ही स्वतः बघायला याल. यांनी मान हलवली आणि विषय सोडला. मला वाटलं मी जिंकले.

तो शब्द मी कुणाच्या जिवावर दिला, तर आमच्या कोचच्या. आमचा कोच फिलिपिनो, बुटका, कपाळावर कायम एक घामाचा थेंब, आवाज असा की शेजारी उभं राहूनही कान द्यावा लागतो. गेल्या वर्षी मी त्याला गाठून विचारलं होतं, माझ्या मुलीचं काय? तो म्हणाला, "मॅम, शी इज माय कॅप्टन. आय विल वेट." मी वाट बघेन. दुसरा कुठलाही कोच लंगडणाऱ्या मुलीसाठी जागा अडवून ठेवणार नाही, पहिल्याच आठवड्यात नवी कॅप्टन नेमेल. म्हणजे कोच राहिला तर माझी मुलगी खेळणार, कोच गेला तर तिचं बास्केटबॉल संपलं. हे इतकं सरळ होतं. म्हणून पलीकडे खुर्ची रिकामी झाली आणि आमच्या आईबापांच्या ग्रुपवर हसऱ्या इमोजी पडायला लागल्या, तेव्हा मला हसू आलं नाही. एका इजिप्शियन आईने लिहिलं, खलास, आता त्यांची टीम संपली. एका मल्याळी बापाने लिहिलं की ते अमेरिकेहून कोच आणतायत. त्यावर तिसऱ्याने आणखी कायकाय लिहिलं. मी फक्त एवढंच लिहिलं, "आपल्या कोचवर लक्ष ठेवा." दोघांनी अंगठ्याची इमोजी टाकली, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं.

पलीकडची एक बाई रोज माझ्या हाताशी होती. ती वसईची, कॅथलिक, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आम्ही दोघी अजमानला राहतो आणि कामाला जुमेरा लेक टॉवर्सला, म्हणून तिच्या गाडीतून एकत्र जातो. पेट्रोल अर्धं अर्धं. मी रत्नागिरीकडची मुसलमान, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे सकाळच्या त्या ट्रॅफिकमध्ये दोघींच्या मराठीला चांगलाच जोर येतो. तिची मुलगी पलीकडच्या टीममध्ये. गाडीत बसल्याबसल्या आम्ही एकमेकींच्या कॉलेजचे वाभाडे काढतो, आणि शारजा येईपर्यंत दोघींची झोप उडालेली असते.

कोच गेला त्या आठवड्यात मी तिला छेडलं. "काय गं, ऐकलं की अमेरिकन येतोय तुमच्याकडे? पंधरा हजार दिरहम म्हणे. म्हणजे साडेतीन लाख रुपये महिन्याला!"

"बाय माझे, एवढे असते तर मीच शिट्टी घेऊन उभी राहिले असते."

"मग कोण येतोय?"

"मॅनेजमेंट बघतेय. इन्शाल्ला, होईल काहीतरी."

वसईची बाई मला इन्शाल्ला म्हणाली. इथे इन्शाल्लाचे दोन अर्थ आहेत, आणि दुसरा अर्थ म्हणजे विषय बंद कर. माझे कान टवकारले. जी बाई आपल्या कॉलेजच्या कँटीनमधला समोसा कुणी आणला इथपासून सगळं सांगायची, ती एकाएकी मूग गिळून बसली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग ग्रुपवर तो फोटो आला. इजिप्शियन आईनेच काढला होता, गाडीतून, काचेआडून. आमचा कोच एका इमारतीच्या पायऱ्या उतरतोय आणि काखेत मोठं पांढरं पाकीट, एक्स-रेचं असतं तसलं. ती इमारत आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. खाली टायपिंग सेंटर, जिथे व्हिसाचे कागद टाईप करून घेतात, आणि वर मेडिकल सेंटर. इथे माणूस नोकरी बदलतोय हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, काखेतल्या पाकिटावरून कळतं. नवी नोकरी म्हणजे नवा व्हिसा, नवा व्हिसा म्हणजे मेडिकल, आणि मेडिकल म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे. कोण कुठे चाललाय हे त्याच्या मॅनेजरच्या आधी टायपिंग सेंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या लोकांना माहीत असतं. फोटो आला आणि ग्रुपवर कुणी काही विचारलंच नाही. मल्याळी बापाने एक शब्द लिहिला, "गॉन."

मला राग आला, कारण सगळ्यांत आधी सांगितलं होतं ते मी.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. कोचला गाठता येईना, तेव्हा मी घरातल्याच गोष्टींवरून माग काढायला लागले. मुलगी प्रॅक्टिसवरून आली की तिचा टी-शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी मी हुंगायचे. दुधाची सवय. पूर्वी त्या टी-शर्टला असा वास यायचा की मशीनलाही दया यावी. आता वास नाही. दमट नाही, मीठ नाही, सकाळी घडी करून दिलेला तसाच्या तसा. म्हणजे कोच यांना पळवतच नाही! एक पाय पलीकडे टाकलेला माणूस कशाला मेहनत घेईल? मी टी-शर्ट यांच्या नाकाखाली धरला.

"बघा. हा पुरावा."

"पुरावा कसला? साबणाचा वास येतोय," हे म्हणाले आणि खोकले.

यांना तेव्हा खोकला झाला होता. त्याच दिवसांत आमच्या फ्रीजरमधला बर्फ नाहीसा होत होता. रात्री ट्रे भरून ठेवावेत, तर सकाळी रिकामे. मी यांना धरलं. खोकला झालाय आणि बर्फाचं सरबत पिताय? लाज नाही वाटत? यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलीच्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. मीच खाल्ला." इतक्या लवकर गुन्हा कबूल करणारा नवरा मी बाकी कुठे बघितलेला नाही. पण त्या वेळी माझं डोकं कोचच्या मागे लागलेलं. मी ट्रे परत भरले आणि बाहेर आले.

मुलीवरही माझी नजर होतीच. ती हॉलमध्ये माझ्या शेजारी नमाज पढायची, ती आता आपल्या खोलीत दार लावून पढायला लागली. विचारलं तर, "ममा, आय नीड सम प्रायव्हसी." एकवीस वर्षांच्या मुलीला अल्लाशी बोलायला प्रायव्हसी कशाला लागते? मी सकाळी तिची खोली झाडायला जायचे, तर अभ्यासाची खुर्ची टेबलापासून ओढून खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. मी खुर्ची परत टेबलाशी सरकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीकडे. खिडकीसमोर दुसरा टॉवर. मी वॉचमनला गोड बोलून विचारून घेतलं की समोरच्या टॉवरमध्ये त्या मजल्यावर कोण राहतं. एक म्हातारं सुदानी जोडपं निघालं. तरीही माझं समाधान झालं नाही.

"तुझा कोच चाललाय का?" मी तिला जेवताना सरळ विचारलं.

"व्हॉट? नो."

"ग्रुपवर फोटो आलाय. पाकीट घेऊन उतरत होता."

तिने घास तसाच हातात धरला. "ही इज नॉट गोइंग एनीव्हेअर, ममा. प्लीज ड्रॉप इट."

ती घाबरली होती हे मला स्पष्ट दिसलं. मी काय समजले, तर हिला माहीत आहे आणि कोचनं हिला गप्प बसवलंय. मी मनातल्या मनात त्या बुटक्या माणसाला शिव्या घातल्या. माझ्या मुलीला कॅप्टन म्हणायचं, वाट बघतो म्हणायचं आणि जाताना तिच्याच तोंडावर बोट ठेवायचं!

गाडीतही वारं फिरलं होतं. वसईवाली मला आता छेडतच नव्हती. मी पलीकडच्यांची टिंगल केली तरी ती हसून सोडून द्यायची. एकदा तिने घरून फुगे, म्हणजे त्यांच्या वसईकडचे गोल गोडसर पाव, तळून आणले, माझ्यासाठी वेगळा डबा. एरवी मला कोपऱ्यावर उतरवायची, ती आता बिल्डिंगच्या दारापर्यंत आणून सोडायला लागली. मला त्या प्रेमाचा भयंकर राग यायचा. जिंकलेला माणूस असाच वागतो. आमचा कोच खिशात घातलाय आणि आता मला फुगे खायला घालतेय. मी फुगे खाल्ले, चांगले होते, पण डबा धुऊन परत देताना थँक्यू म्हटलं नाही.

शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. आम्ही दोघी पार्किंगमधून बाहेर पडतोय तोच ग्रुपवर मेसेज आला: कोचची गाडी अल क्वोजमध्ये, त्या गोदामासमोर. कुठलं गोदाम ते सांगायची गरज नव्हती. पलीकडच्यांच्या जिमची फरशी उखडली होती, म्हणून त्यांची प्रॅक्टिस अल क्वोजच्या एका भाड्याच्या इनडोअर कोर्टवर चालायची. आमच्या कोचचं तिथे काय काम?

"गाडी अल क्वोजला घे," मी म्हणाले.

वसईवालीने सिग्नलला ब्रेक मारला आणि माझ्याकडे बघितलं नाही. "आज नको ना, बाय. घरी जाऊ."

"का नको? तुमची प्रॅक्टिस आहे ना? तुझी मुलगी असेल ना? मग चल, तिला भेटू. आज सोक्षमोक्ष लागू दे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मग तिने लेन बदलली.

"चल. पण आत जाऊन ओरडायचं नाही. मला प्रॉमिस कर."

"मी कशाला ओरडू? मी फक्त विचारणार."

"तू कधी फक्त विचारलंयस?"

अल क्वोजमध्ये मी पूर्वीही आले होते, कारण यांचं स्पेअर पार्टचं गोदाम तिथेच दोन गल्ल्या सोडून. दुपारची जुम्म्याची नमाज होऊन गेली होती. गॅरेजची शटरं अर्धी खाली, कामगारांच्या बिल्डिंगच्या कठड्यावर निळे डगले वाळत घातलेले, रस्त्यावर माणूस नाही. कोर्टासमोर कोचची गाडी उभी होती. आणि तिच्या मागे यांची पिकअप.

यांची पिकअप मी कुठेही ओळखते. मागच्या फळीवर अजून आमच्या गावाच्या पतसंस्थेचा स्टिकर आहे. मी गाडीतून उतरले तेव्हा माझी खात्री झाली की माझा नवराही ह्या कटात आहे. तोच कोचला पलीकडे पाठवतोय, म्हणजे मुलीचा खेळ आपोआप बंद होईल आणि माझा शब्द खोटा पडेल. हा विचार मी खरोखर केला, उन्हात उभी राहून.

"बाय," वसईवाली मागून म्हणाली, "आधी ऐक तरी."

शटर कमरेपर्यंत उघडं होतं. आतून बॉल आपटल्याचा आवाज येत होता आणि त्यावरून एक आवाज चढत होता. "हँड्स अप! हँड्स! व्हेअर आर यू लुकिंग? मूव्ह युअर फीट!"

तो आवाज ओळखायला मला शटरखालून वाकायची गरज नव्हती. तरी मी वाकले.

आत पलीकडच्यांच्या मुली हिरव्या टी-शर्टांत पळत होत्या. कोर्टाच्या कडेला एका उंच स्टुलावर माझी मुलगी बसली होती, गळ्यात शिट्टी. उजव्या गुडघ्याला मांडीपासून पोटरीपर्यंत काळा पट्टा, लोखंडी पट्ट्यांचा असतो तो, घरी सैल सलवारीखाली मला कधी दिसलाच नव्हता, आणि पाय दुसऱ्या स्टुलावर लांब ठेवलेला. ती बसल्याजागी ओरडत होती. आमचा कोच भिंतीला टेकून पाण्याची बाटली पीत होता आणि काहीही करत नव्हता. आणि हे, माझे हे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पायाशी निळी बर्फाची पेटी.

सगळ्यांत आधी यांनीच मला बघितलं. ते उठले नाहीत. नुसतं झाकण लावलं पेटीचं.

मी प्रॉमिस पाळलं, ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो, तो माझ्याजवळ नव्हता. मुलीने मला बघितलं आणि शिट्टी तोंडातून सोडली. तिच्याबरोबर पलीकडच्या सगळ्या मुलीही थांबल्या.

कोच माझ्याजवळ आला. "सॉरी मॅम," तो म्हणाला आणि मग त्याच्या त्या पुटपुटत्या आवाजात सगळं सांगितलं. ह्या वर्षीच्या पहिल्याच प्रॅक्टिसला गुडघा पुन्हा गेला होता. स्कॅनला ती एकटी जायला तयार नव्हती, म्हणून तो गेला तिच्याबरोबर. पाकीट तिचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पायऱ्या चढेल, पण कोर्टवर पुन्हा नाही. पलीकडच्यांनी एका लेबनीज बाईला कोच म्हणून कधीच नक्की केलं होतं, पण तिचा व्हिसा अडकला होता, आणि तोपर्यंत त्यांच्या मुली वाऱ्यावर. म्हणून त्याने आपली कॅप्टन पाठवली. "नो अदर टीम, मॅम, देन हू वुई प्ले?" तो म्हणाला. समोर टीमच नसेल तर आपण खेळायचं कुणाशी. मग पुढे म्हणाला, "अँड शी नीड अ कोर्ट."

व्हिसाच्या मेडिकलचा एक्स-रे कुणाच्या हातात देतच नाहीत. तो काढतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. हे मला माहीत होतं, ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आम्ही सगळ्यांनी ते मेडिकल किती वेळा केलंय. पाकीट घेऊन उतरणारा माणूस कुणाचं तरी दुखणं घेऊन उतरत असतो. पण आम्हाला कोच पळालेला बघायचा होता, म्हणून आम्ही तेच बघितलं.

मी यांच्याकडे वळले. "बर्फ?"

"हां."

"आणि खोकला?"

"खोकला खरा होता गो," हे म्हणाले.

मला राग आला. कोचचा नाही, यांचाच आला. नको खेळू म्हणणारा माणूस तिला इथे आणून सोडतो, तिच्या पायाला बर्फ लावतो, बर्फाचा आळ स्वतःवर घेतो. आणि खेळ म्हणून घर डोक्यावर घेणारी मी, मलाच कुणी काही सांगत नाही. वसईवालीलाही सगळं ठाऊक. तिची मुलगी रोज घरी जाऊन सांगायची. म्हणजे ते फुगे जिंकल्याचे नव्हते.

पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसलो, मुलगी मध्ये, पाय तिरका करून. पिकअप शेख झायेद रोडला लागली. ती माझ्याशी आयुष्यभर इंग्रजीतच बोलत आलीय. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरूनच गेलंय.

"इट्स डन, ममा," ती म्हणाली. "खलास."

"मला का नाही सांगितलंस?"

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, अडखळत, लहानपणी बोलायची तशी, "तू बाबांशी एवढी भांडलीस माझ्यासाठी. मी कसं सांगू?"

हे गाडी चालवत राहिले. मी तिचा हात धरला आणि शारजा येईपर्यंत रडले. तिने पर्समधला टिश्यू काढून दिला आणि तीही रडली. यांनी एसी कमी केला.

घरी आलो, मगरीबची, संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली होती. ती तिच्या खोलीत गेली आणि सवयीने दार लोटायला लागली. मग तिचं काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने दार उघडंच ठेवलं. मी हॉलमधून बघितलं. तिने अभ्यासाची खुर्ची टेबलापासून ओढली, खिडकीकडे तोंड केलं, काळा पट्टा सैल केला, बसली आणि बसूनच नमाज बांधली. गुडघ्यात वाकता न येणारी माणसं पढतात तशी, आमच्या गावच्या मशिदीत मागच्या रांगेत म्हातारे पढतात तशी. ती खिडकी किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या बाजूची आहे. मी स्वतः ह्याच घरात इतकी वर्षं त्याच दिशेला तोंड करून नमाज पढते आहे. आणि रोज सकाळी मी ती खुर्ची सरळ करून ठेवत होते आणि सुदानी म्हातारा-म्हातारीचा संशय घेत होते.

लेबनीज कोच आली, तिचा व्हिसा झाला. मग दोन कॉलेजांची मॅच झाली. माझी मुलगी आमच्या बेंचवर बसली, आमच्याच टी-शर्टात, पट्टा बांधून, आणि आमच्या मुलींवर ओरडत राहिली. पण फ्री थ्रो घेताना पलीकडच्या मुली सवयीनं तिच्याकडे बघायच्या, आणि तीही नकळत हात वर करून कोपर दाखवायची. बस, एवढ्यावर दोन्हीकडे पेटलं. आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हिने आपले सगळे डाव त्यांना शिकवलेत. उजव्या बाजूची एक आई, यांच्या ऐकण्यात, म्हणाली की ही पोरगी त्यांनी हेर म्हणून पाठवली होती, मुद्दाम चुकीचं शिकवून गेली. मध्यंतराला मी फोन उघडला तर ग्रुपमधून मला काढून टाकलेलं. इजिप्शियन आईनेच काढलं. डाव्या बाजूच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारची माणसं जरा सरकून बसली.

मी उठले आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने वसईवाली तिच्या बाजूने उतरून आली आणि माझ्या शेजारी बसली. तिने डबा उघडला.

"खा, बाय. आज तरी थँक्यू म्हण."

"आधी मॅच संपू दे," मी म्हणाले. हे खाली बेंचच्या मागे उभे होते, निळी पेटी घेऊन, मी दिलेल्या शब्दाप्रमाणे बघायला आलेले.

आम्ही हरलो. रेफरी त्यांचाच होता, ह्यात मला आजही शंका नाही.

ती खुर्ची आता खिडकीकडेच तोंड करून असते. मी सकाळी तिच्याभोवतून झाडू मारते आणि पुढे जाते.